अडकलेला ऑईल फिल्टर

कथा, कविता आणि चिंतनपर लेखांच्या पंगतीत ट्रॅक्टरचा ऑईल फिल्टर येऊन बसलेला पाहून काही वाचकांना हसू येईल. कला शाखेच्या, त्यातून मुलीने या विषयावर का लिहावे, असेही कोणी विचारील. परंतु आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींची फी ज्या यंत्राच्या कमाईतून भरली जाते, त्या यंत्राविषयी आपल्या वार्षिकांकात चार पाने असू नयेत, हे माझ्या मनाला पटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. घरच्यांनी मला शिकायला पाठविले ते अक्षरे वाचता यावीत म्हणून. ती अक्षरे पुस्तकात असतात, तशीच यंत्राच्या अंगावरही छापलेली असतात.

भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. पुढे १९७४ मध्ये पंजाबात स्वराज ट्रॅक्टर आला. हळूहळू बैलांची दावण रिकामी होत गेली आणि तिच्या जागी हे लोखंडी जनावर उभे राहिले. बैलाला वैरण-पाणी लागते, खांदा सुजला तर शेकावा लागतो, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ट्रॅक्टरलाही निगा लागते. पण त्याचे दुखणे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याच्या पोटात काय चालते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

इंजिनात क्रँक, पिस्टन, बेअरिंग असे भाग मिनिटाला शेकडो, हजारो वेळा फिरतात किंवा खालीवर होतात. धातू धातूला नुसता घासला तर थोड्याच वेळात तापून चिकटेल. तसे होऊ नये म्हणून दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर ठेवलेला असतो. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते इतकी बारीक असते. त्या फटीत काजळी, धूळ किंवा झिजलेल्या धातूचा कण शिरला, तर तो पोलिश पेपरसारखे काम करतो. तेलाचा पंप खालच्या चेंबरमधून तेल ओढतो आणि ते इंजिनात सगळीकडे पोचण्यापूर्वी फिल्टरमधून जाते. आपण चहा गाळणीतून गाळतो, तसाच हा प्रकार. फक्त गाळणी घड्या घातलेल्या कागदाची असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर त्याहूनही पुष्कळ बारीक कण ही गाळणी अडविते.

मोटारगाडीला असा फिल्टर बसविण्याची कल्पना अमेरिकेत १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी पुढे आणली. त्यांनी त्याला 'प्युरोलेटर' असे नाव दिले. सुरुवातीचे फिल्टर वाटीच्या आत कागदाची किंवा कापडाची गाळणी ठेवून मधल्या लांब बोल्टने आवळलेले असत. जुन्या ट्रॅक्टरांवर अशी वाटी आजही पाहावयास मिळते. पुढे डब्यासारखा, सबंधच फिरवून काढायचा आणि फेकून नवा लावायचा फिल्टर आला. आज बहुतेक ट्रॅक्टरांवर हा डबाच असतो, आणि अडकतो तोही बहुधा हाच.

आता प्रश्न असा की, फिल्टर अडकला आणि निघाला नाही, तर बिघडले काय? पुष्कळ जण तेल बदलतात आणि "फिल्टर निघत नाही, राहू दे पुढच्या खेपेला" असे म्हणून मोकळे होतात. ट्रॅक्टर चालतोही. इथेच खरी फसगत आहे. कागद घाणीने पूर्ण तुंबला, तर इंजिनाला तेलच मिळणार नाही आणि ते जागीच जाम होईल. हा अनर्थ टळावा म्हणून फिल्टरमध्ये किंवा त्याच्या बैठकीत एक लहानशी स्प्रिंगची झडप ठेवलेली असते. कागदातून तेल जाईनासे झाले की ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. अजिबात तेल न मिळण्यापेक्षा घाण तेल बरे, एवढाच त्यातला हिशेब. पण ही झडप उघडल्याचे चालविणाऱ्याला कळत नाही. दिवा लागत नाही, आवाज बदलत नाही. इंजिन आतून झिजत राहते आणि ज्या दिवशी दुखणे बाहेर येते, त्या दिवशी इंजिन उतरविण्यावाचून इलाज उरत नाही. फिल्टरची किंमत आणि इंजिन बांधून घेण्याचा खर्च यांत किती अंतर आहे, हे ज्या घराने सोसले आहे त्यालाच विचारावे.

फिल्टर अडकतो का, याची कारणे फार गहन नाहीत. डब्याच्या तोंडाशी रबराची एक गोल कडी असते. गॅरेजात तिला पॅकिंग म्हणतात. डबा आवळला की ही कडी इंजिनाच्या गुळगुळीत बैठकीवर दाबली जाते आणि तेल बाहेर येऊ देत नाही. ही कडी कोरडीच बसविली, तर ती फिरताना बैठकीला ओरबाडून धरते. त्यातच फिल्टर पान्याने आवळला, तर ती गरजेपेक्षा जास्त चेपते. पुढे शेकडो तास शंभर अंशांच्या आसपासचे तापलेले तेल तिच्याशी खेळत राहते. रबर कडक होते आणि धातूला धरून बसते. फिल्टर ठरल्या वेळेपेक्षा जास्त दिवस ठेवला की ही पकड आणखी घट्ट होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डब्याचे आटे रबराच्या कडीच्या आतल्या बाजूला असतात आणि सदैव तेलात भिजलेले असतात. त्यामुळे आटे गंजून फिल्टर अडकण्याचा प्रकार सहसा घडत नाही. अडकते ती कडी. म्हणूनच गंजलेल्या नटावर रॉकेल सोडून तो सुटतो, तसा फिल्टर बाहेरून रॉकेल सोडून सुटेल अशी फार आशा धरू नये. ते आत पोचतच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, अवजार जमिनीवर टेकवावे, ब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे आणि बंद करून किल्ली काढून घ्यावी. कोमट इंजिनाचे दोन फायदे आहेत. रबर थोडे नरम पडते, आणि तेल पातळ होऊन आपल्याबरोबर तळाची घाण घेऊन बाहेर येते. मात्र काम करून नुकत्याच आलेल्या, तापलेल्या ट्रॅक्टरला हात घालू नये. त्या तेलाने कातडी सोलून निघते. मग चेंबरचा खालचा नट काढून तेल घमेल्यात उतरवावे. फिल्टर आणि त्याच्या भोवतालची जागा डिझेलच्या चिंधीने पुसून, नंतर कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडी करावी. फिल्टर स्टार्टरच्या जवळ असेल, तर बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडून ठेवावी. लोखंडी पाना चुकून तारेला टेकला तर ठिणगी उडते.

आता दिशा. फिल्टरचे आटे सर्वसाधारण नटासारखेच असतात. डब्याच्या बंद बुडाकडे तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने फिरविला की तो सुटतो. हे सोपे वाटते; पण फिल्टर इंजिनाच्या कुशीत खाली लोंबत असेल आणि आपण वरून वाकून पाहात असू, तर दिशा उलटी दिसते. अशा वेळी माणूस सोडविण्याच्या समजुतीने आवळतच राहतो. म्हणून जोर लावण्यापूर्वी डब्यावर खडूने बाणाची खूण करावी.

पहिला उपाय हाताचा. लोणच्याच्या बरणीचे झाकण बसले की आपली आई काय करते? हात पुसते, कोरडे फडके घेते आणि मग पिळते. येथेही तेच. डब्याभोवती पोलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळावा आणि दोन्ही हातांनी फिरवून पाहावे. पुष्कळ फिल्टर एवढ्यानेच सुटतात.

तेवढ्याने न सुटल्यास पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना घ्यावा. डब्याच्या बुडाला खाचा असतील, तर वाटीसारखा बसणारा पानाही मिळतो. पट्टा कोठे लावावा, याला महत्त्व आहे. डब्याचे पोट पातळ पत्र्याचे असते. तेथे जोर लावला की ते चेपते आणि पकड जाते. इंजिनाच्या बाजूच्या कडेजवळ आत जाड तबकडी असते. पट्टा त्या कडेला लावावा. पट्ट्याचा वेढाही असा असावा की सोडविण्याच्या दिशेने ओढताना तो अधिकाधिक आवळत जाईल. उलट वेढा दिला, तर तो नुसता घसरतो.

यामागचे शास्त्र आपण शाळेत तरफेच्या धड्यात शिकलो आहोत. समजा, डब्याचा व्यास १० सेंटिमीटर आहे. म्हणजे आपला हात मध्यापासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर जोर लावतो. तेथे २० किलोचा जोर लागत असेल, तर मध्यापासून ३० सेंटिमीटरवर दांडा धरणाऱ्याला तेच काम साडेतीन किलोहूनही कमी जोरात साधते. शाळेत हे गणित आम्ही वहीत सोडविले आणि गुण मिळविले. त्याचा उपयोग मला गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत कळला.

आमचा ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला आहे. त्याच्या हप्त्यांची भिस्त उसाच्या वाहतुकीवर असते. त्या वर्षी कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता, टोळी फडावर उतरली होती. टोळीला उचल आधीच दिलेली असते. ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला, तर टोळीही बसून राहते आणि दिवसाचा आकडा अंगावर येतो. हंगामाआधी तेल बदलावे म्हणून अण्णांनी सकाळी काम काढले. पण फिल्टर काही केल्या हलेना. आदल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका गॅरेजात तो बसविला होता, आणि बसविणाऱ्याने साखळीच्या पान्याने आवळला होता. शेजारचे काका म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर ठोका आरपार आणि फिरवा." अण्णांनी हातोडी उचललीही होती. तेवढ्यात माझे मामा आले. ते इयत्ता चौथीपर्यंत शिकलेले. पण पंचक्रोशीतील इंजिने त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत.

"थांबा दाजी," ते म्हणाले, "भोक पाडलं की माघारी यायची वाट बंद. आज नाही सुटला तर आहे त्या फिल्टरवर निदान गावापर्यंत तरी जाता येईल. भोक पडल्यावर इंजिन चालू करता येणार नाही."

त्यांनी पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा मागवून घेतला. फिल्टर पुसून कोरडा केला. पट्ट्याचे दोन वेढे कडेजवळ दिले, टोकाच्या फासात लोखंडी पाईप अडकविला आणि मला म्हणाले, "ताई, बॅटरी नीट धर. जोर कुठं लागतो ते बघ." त्यांनी हिसका दिला नाही. पाईपवर हळूहळू भार वाढवीत नेला. 'कट्' असा आवाज झाला आणि फिल्टर हलला. पुढचे काम हाताने झाले.

नवा फिल्टर खोक्यातून काढताना त्याच्या अंगावर इंग्रजीत छापलेल्या ओळी मी वाचल्या. कडीला तेल लावा, कडी टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि त्यापुढे फक्त पाऊण वेढा द्या, एवढाच मजकूर होता. शेजारी बाणाचे चित्रही होते. मी मोठ्याने मराठीत सांगितले. मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी हातानंच लावतो, पण का ते कधी कुणी सांगितलं नव्हतं." जुन्या फिल्टरवरही तेच शब्द होते. आमच्या घरी, गॅरेजात, शेजारी ते वर्षभर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पण वाचणारे कोणी नव्हते. त्या दिवशी मामांचे हात आणि माझी अक्षरे एकत्र आली, आणि दुपारी ट्रॅक्टर फडावर गेला.

कधी पट्ट्यानेही फिल्टर सुटत नाही. मग भोक पाडण्याचा मार्ग उरतो. पण तो शेवटचा. तत्पूर्वी नवा फिल्टर हाताशी असल्याची खात्री करावी. डब्याच्या मधोमध, इंजिनाच्या बाजूने आटे असलेली नळी थोडी आत आलेली असते. तिला धक्का लागू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हर बैठकीला अगदी खेटून ठोकू नये. भोकातून तेल येणार हे धरून खाली घमेले ठेवावे. पत्रा फाटत जाऊन नुसती तबकडी बैठकीवर उरली, तरी घाबरू नये. तबकडीला गोलाकार छिद्रे असतात. बोथट छिन्नी एका छिद्राच्या कडेला टेकवून सोडविण्याच्या दिशेने हातोडीने हलके ठोके द्यावेत. छिन्नी बैठकीच्या गुळगुळीत भागावर घसरू देऊ नये. तेथे चरा पडला तर तेल कायमचे पाझरत राहील. गॅसची ज्योत तर मुळीच लावू नये. आत तेल आहे. कधी फिल्टरबरोबर आट्यांची नळीच इंजिनातून निघून येते. अशा वेळी ती जपून काढून पुन्हा इंजिनात घट्ट बसवावी आणि मगच नवा फिल्टर लावावा.

फिल्टर निघाला म्हणजे काम संपले असे नाही. जुनी रबरी कडी फिल्टरबरोबर निघाली आहे काय, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. ती पुष्कळदा बैठकीलाच चिकटून राहते आणि काळी असल्याने दिसत नाही. आमच्या ट्रॅक्टरलाही ती तशीच राहिली होती. मामांनी बोट फिरवून ओळखली. तिच्यावरच नवी कडी बसली, तर इंजिन सुरू होताच दाबाने दोन्ही सरकतात आणि तेलाची चिळकांडी उडते. थोड्याच वेळात चेंबर रिकामे होऊन इंजिन जाम होऊ शकते. वाटीच्या जुन्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये ही कडी खोबणीत बसलेली असते. ती वाकविलेल्या सुईने उचकटून काढावी.

नंतर बैठक स्वच्छ पुसावी. नव्या कडीला बोटाने ताज्या तेलाचा हात फिरवावा. फिल्टरचे तोंड वर येत असेल, तर तो अर्धा-पाऊण तेलाने भरून घ्यावा, म्हणजे सुरुवातीला इंजिन कोरडे फिरत नाही. कडी टेकेपर्यंत हाताने फिरवून पुढे डब्यावर लिहिला असेल तेवढा, सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण वेढा द्यावा. पाना लावू नये. पाना सोडविण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. खालचा नट लावून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे आणि मापाचे तेल नरसाळ्याने भरावे. इंजिन सुरू करून तेलाचा दिवा काही क्षणांत विझतो काय, किंवा काटा वर चढतो काय, ते पाहावे. न घडल्यास लगेच बंद करावे. पाझर नसल्याची खात्री करून इंजिन बंद करावे, दहा मिनिटे थांबून पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. शेवटी डब्यावर खडूने नव्हे, तर रंगाने तारीख आणि मीटरवरील तास लिहून ठेवावेत. तेल-फिल्टर बदलण्याची मुदत अनेक ट्रॅक्टरांना २५० तासांची असते. काहींची निराळी असते, म्हणून आपली पुस्तिका पाहावी. मळणीच्या धुळीत राबणाऱ्या ट्रॅक्टरला मुदत संपण्याची वाट पाहू नये.

काढलेल्या काळ्या तेलाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ते बांधावर किंवा ओढ्यात ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. पण तो ओढा आपल्याच विहिरीला मिळतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून, जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. हे तेल वारंवार कातडीला लागणेही बरे नव्हे. काम झाल्यावर हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत.

आपल्या गावांत हातांचे ज्ञान पुष्कळ आहे, पण ते लिहिलेले नाही. आणि जे छापलेले आहे, ते बहुधा परक्या भाषेत असल्याने त्या हातांपर्यंत पोचत नाही. या दोहोंच्या मध्ये उभे राहणे, हे आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे काम आहे असे मला वाटते. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. या सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरच्या ट्रॅक्टरची, मोटारपंपाची किंवा फवारणी यंत्राची पुस्तिका ट्रंकेतून बाहेर काढावी आणि वडिलांना मराठीत वाचून दाखवावी. मी आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेची तेरा पाने वहीत उतरविली आहेत. उरलेली मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण करणार आहे. मामांनी त्या वहीची एक प्रत मागितली आहे.